मशीन काही घुमेना

आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचं भजन चालतं तासभर, आणि भजनानंतरच्या गप्पा त्याहून जास्त. टाळ पिशवीत गेले की कुणीतरी पदर सावरत म्हणतं, "बाई, आज आमच्याकडं काय झालं..." आणि किस्सा सुरू. हे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. देवघराच्या कोपऱ्यात निर्माल्य साठतं तसे साठतात. टाकवत नाहीत, आणि ठेवायला जागाही नाही.

त्यातले निम्मे आमच्या वॉशिंग मशीनचे. शोभाताई, म्हणजे आमच्या समोरच्या, निवृत्त अंगणवाडीताई, परवा म्हणाल्या, "वहिनी, तुमीच लिहून काढा. दुसरं कुणी सांगायला बसलं तर तिखटमीठ लावंल."

म्हणून लिहिते आहे. तिखटमीठ आहे, पण घरचं.

*

मशीन आली गेल्या दसऱ्याला. साधीच, दोन भांड्यांची. एकात कपडे धुवायचे, दुसऱ्यात वाळवायचे. त्या दुसऱ्याला आमच्याकडं ड्रायर म्हणतात.

खोकं उघडताना आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, खुर्ची टाकून समोरच बसल्या. सेनगावात त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय आमच्या घरात भाजीची जुडीसुद्धा येत नाही. आमचे हे वॉरंटीचं कार्ड वाचत होते, मी हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी. थर्माकोलच्या खालून एक गोल चकती निघाली. निळी, प्लास्टिकची, जेवणाच्या ताटाएवढी, आणि तिला कमळासारखी भोकं.

"हे काय रे?" आत्याबाई म्हणाल्या.

"असंल काहीतरी," कार्डातून मान न काढता हे म्हणाले.

"असंल काहीतरी काय? रांगोळीचा छाप हाय. सणासुदीचं मशीन घेतलं म्हणून कंपनीनं फुकट दिला."

मी हळूच म्हटलं, "आत्याबाई, मशीनचंच असेल ते."

"मशीन काय रांगोळी काढून राहिली का?"

चकती आत्याबाईंच्या ट्रंकेत गेली. दुसऱ्या दिवशी आमच्या दारात इतकं सुबक कमळ उमटलं की माझाही संशय फिटला. कंपनी म्हटली की फुकट वस्तू देतच असेल.

*

मशीन पहिल्यांदा चालवली त्या दिवशी मी भलत्या हौसेनं ड्रायरमध्ये ओली सोलापुरी चादर कोंबली. ती बसली सगळी एका अंगाला. बटण फिरवलं, आणि मशीन थडथड करत मोरीतून बाहेर निघाली. हलत हलत थेट तुळशीच्या दिशेनं.

मी "अहो" म्हणून ओरडले. आत्याबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी एकवार नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "अंगात आलं तिच्या. कुंकू आण."

मी खरंच कुंकू आणलं. आत्याबाईंनी थडथडत्या झाकणावर बोट टेकवलं आणि विचारलं, "कोन हायेस? काय पायजे तुला?"

हे आतून आले आणि पिन काढली. मशीन गप्प.

"काही न्हाई, लाईट नको होती तिला," हे म्हणाले.

तेव्हापासून आमच्या गल्लीत ड्रायर फिरत नाही, घुमतो. अंगात आलेलं माणूस घुमतं तसा. कांताबाई भजनात पेटी वाजवतात, त्या भाता हलवता हलवता विचारतात, "आज तुमची घुमली का गं?" बाहेरचं कुणी ऐकत असेल तर काय समजत असेल, देव जाणे.

*

तो छाप पुढं आमच्या घरात फारसा राहिलाच नाही. आज शोभाताईंकडं, उद्या कांताबाईंकडं. मकरसंक्रांत, पाडवा, कुणाचा साखरपुडा, कुणाचं डोहाळजेवण, सगळीकडं तेच कमळ.

उन्हाळ्यात पुसेगावहून ह्यांच्या आतेभावाचे व्याही लग्नाची पत्रिका द्यायला आले. त्यांनी घर पाहिलेलं नव्हतं. एसटीतून उतरून त्यांनी फोन केला. हे दुकानात होते, म्हणाले, "सोप्पं हाय. महादेवाच्या गल्लीत या. दारात कमळाची रांगोळी दिसंल, त्येच आपलं घर."

बिचारे पहिल्या कमळापाशी शिरले. कांताबाईंनी पाणी दिलं, चहा दिला, पत्रिका घेतली. नाव वेगळं निघालं तेव्हा ते पुढच्या कमळाकडं. तिथं पोहे. आमच्या दारी पोचेपर्यंत ते इतके चहा प्यायले होते की पाण्याच्या तांब्याकडंसुद्धा बघवेना. आणि दिलेली पत्रिका परत कशी मागणार? त्यांनी प्रत्येक कमळाला एकेक पत्रिका दिली होती.

लग्नाला आमची अख्खी गल्ली गेली. आहेर करून आली.

*

श्रावणाच्या तोंडाशी आमची लेक पल्लवी माहेरी बाळंत झाली. मुलगी. हात जोडले की डोळे भरून यायचे, असे ते दिवस. मी तिच्यासाठी सोमवार धरलेले होते, ते पावले म्हणायचे.

पण बाळ घरात आलं आणि झड लागली. सूर्य म्हणून दिसेना. दुपटी, लंगोट, झबली, घरभर दोऱ्या. वाळायचं नाव नाही. अन् नेमकं त्याच आठवड्यात मशीननं घुमायचं सोडलं. धुवायची नीट. ड्रायरचं बटण फिरवलं की नुसती "हूं... हूं..." करायची आणि थांबायची.

आत्याबाई कान लावून म्हणाल्या, "कळा येऊन राहिल्या बिचारीला, पण सुटका न्हाई."

त्यात आणखी एक घोर. विहीणबाईंनी, म्हणजे पल्लवीच्या सासूबाईंनी, बाळासाठी स्वतःच्या लग्नातल्या शालूचं टोपडं शिवून पाठवलं होतं, जरीच्या काठाचं. ते धुवायला टाकलं आणि दिसेनासं झालं. गच्चीवर पाहिलं, पलंगाखाली पाहिलं. शेवटी सगळ्यांनी मिळून माकडांवर आळ घेतला. माकडं नाहीतरी येतातच.

संध्याकाळी कळमनुरीहून विहीणबाईंचा फोन आला. बाई मनानं चांगली, पण बोलणं काठी टेकवत चालल्यासारखं.

"लेकरू शिंकून राहिलं म्हने. दुपटी ओली ऱ्हातात का?"

"नाही नाही," मी म्हटलं, "जराशी दमट."

"हे पहा विहीणबाई, तकलीफ करून घेऊ नका. आमच्याकडं फुल ऑटोमॅटिक हाय. शुक्रवारी जिवतीचं ओवाळायला मी येतेच. दुपटी कोरडी असली तं पोरगी राहू द्या तीन महिने. नसली तं मी दोघींनाबी घिऊन जाते. गाडी मोठीच आनते."

फोन ठेवला. पल्लवीनं सगळं ऐकलं होतं. तिनं बाळाचं दुपटं बदलायला घेतलं आणि ते गालाला लावून पाहिलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं नाही.

देव्हाऱ्यापुढं मी म्हटलं, जिवते आई, आजपर्यंत लेकीसाठी मागितलं, नातीसाठी मागितलं. आज मशीनसाठी मागते. हसू नकोस.

*

मशीन घुमेना म्हणून मंडळ कामाला लागलं. कांताबाईंनी तोडगा काढला. महादेवाच्या सभामंडपात मोठे पंखे आहेत, भजनाच्या वेळी ते चालूच असतात, दोरीही आहे. दुपटी तिथं घाला.

"देवळात? लंगोट?" मी म्हटलं.

"महादेवालाबी दोन लेकरं हायेत," कांताबाई म्हणाल्या, "त्याला समजतं."

लंगोट मी नाहीच नेले. दुपटी नेली, पिवळी, गुलाबी, हिरवी. ओळीनं दोरीवर लावली आणि त्यांच्याखाली बसून आम्ही भजन म्हटलं. पंखा दुपट्यांना वारा घालतो आहे, टाळ वाजताहेत. माझं अर्धं लक्ष देवात, अर्धं दोरीवर.

तेवढ्यात शेजारच्या खेड्यातले एक वयस्कर बाबा दर्शनाला आले. त्यांनी वर पाहिलं, हात जोडले, एका दुपट्याचं टोक धरून भक्तिभावानं कपाळाला लावलं आणि म्हणाले, "अवंदा पताका लई मऊ लावल्या."

शोभाताईंनी टाळ तोंडापुढं धरला.

*

मेकॅनिक हिंगोलीचा. सेनगावची कामं साठली की तो एकदाच येतो. ह्यांनी त्याला सांगून ठेवलं होतं, "यायच्या आधी घरी फोन कर, बाई सांगंल पत्ता."

त्यानं फोन केला सोमवारी सकाळी.

श्रावणी सोमवारी माझं मौन असतं. महादेवाचं दर्शन होईपर्यंत एक शब्द नाही. हे दुकानात, पल्लवी न्हाणीत, आत्याबाईंना फोन ऐकू येत नाही. मी पूजेत बसलेली आणि फोन वाजतोय. नंबरापुढं ह्यांनी 'मशीनवाला' असं नाव घातलेलं.

मी फोन उचलला.

"हॅलो, तुमची मशीन घुमत न्हाई म्हने. पत्ता सांगा."

काय सांगू? हातात पूजेची घंटी होती, ती वाजवली. म्हणजे 'हो'.

"हॅलो? कोन बोलून राहिलं?"

मी पुन्हा घंटी वाजवली. जरा जोरात. म्हणजे 'लवकर या'.

पलीकडं तो कुणाला तरी म्हणाला, "अबे, मंदिरात लागला फोन," आणि माझ्याकडं वळून अगदी अदबीनं, "माफी असावी महाराज, आरती चालू द्या."

फोन बंद. दर्शन घेऊन धावत आले आणि लावून पाहिला, तर तो सेनगावचं काम उरकून जीपनं परतीला लागला होता. आता पुढच्या आठवड्यात.

रात्री जेवताना हे म्हणाले, "घंटी दोनदा वाजवायच्या ऐवजी दर्शनच लवकर घ्यायचं होतं."

बोलणं बरोबर होतं. पण महादेवाच्या रांगेत घुसायचं कसं?

*

शुक्रवार उजाडला. भिंतीवर जिवतीचा कागद लावला, पुरण शिजत घातलं. विहीणबाईंचा फोन आला, "निघालो कळमनुरीहून." दोरीवरची दुपटी हाताला अजून गारच लागत होती. पल्लवीनं न सांगता स्वतःची बॅग पलंगाखालून ओढली होती. भरली नव्हती, नुसती ओढून ठेवली होती.

ते पाहिलं आणि ह्यांनी दुकान उघडलंच नाही. चष्मा लावला, मोबाईलवर मशीन दुरुस्तीचा व्हिडिओ काढला आणि मोरीत स्टूल टाकून बसले.

आमच्या मोरीत रेंजचा आनंद. व्हिडिओतला माणूस "दोस्तों" म्हणाला आणि थांबला. पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय.

आत्याबाई मागून डोकावल्या. "बघ, तुझ्या मोबाईलचं घुमून राहिलं. त्येलाच लाव दुपटी."

शेवटी माणूस बोलता झाला. पहिली गोष्ट त्यानं सांगितली, पिन काढा. हे लगेच काढून आले. दुसरी गोष्ट, "ऊपर की जाली निकाल लीजिए. छोटे कपड़े नीचे ना जाएं, इसलिए ये जाली हमेशा लगाके रखना है."

"आपल्यात जाळीच न्हाई," हे म्हणाले, "खराब पीस दिला आपल्याला."

माणसानं पडद्यावर जाळी हातात धरून दाखवली. निळी, गोल, कमळासारखी भोकं.

हे माझ्याकडं बघतात, मी आत्याबाईंकडं. आत्याबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि ठाम म्हणाल्या, "त्यो माणूस माझा छाप घिऊन काय करून राहिला?"

इतके महिने साड्या, चादरी, पँटी, मोठेच कपडे ड्रायरमध्ये जात होते, म्हणून कधी अडलं नाही. बाळाचे कपडे तळहाताएवढे. वर जाळी नाही. जे उडालं ते फटीतून खाली.

छत्रीची एक मोडकी काडी वाकवून ह्यांनी फटीत घातली. हाताला काहीतरी लागलं. हे ओढताहेत, पल्लवी बॅटरी धरून उभी, आत्याबाई मशीनच्या पाठीवरून हात फिरवताहेत. "जरा दम धर बाई, आलंच, आलंच." आधी ह्यांचा रुमाल निघाला. मग एक लंगोट. मग काडीला काहीतरी जड आलं, आणि ड्रायरच्या पोटातून, काळंओलं होऊन, जरीच्या काठासकट विहीणबाईंचं टोपडं बाहेर आलं.

आत्याबाईंनी ते दोन्ही हातांत घेतलं.

"बाळंत झाली," त्या म्हणाल्या. "अन् लेकरू टोपडं घालूनच आलं."

*

पिन लावली, बटण फिरवलं. मोकळा ड्रायर असा घुमला की मोरीतला तांब्या थरथरला. पण छाप नसता आत काही टाकायचं नाही, असं हे म्हणाले, नाहीतर टोपडं पुन्हा पोटात. टोपडं धुतलं, काळं गेलं, पण ते ओलं. विहीणबाईंची गाडी हिंगोलीला पोचली होती. आणि छाप गल्लीत.

मी अन् शोभाताई बाहेर धावलो. जिवतीचा शुक्रवार, सगळ्यांच्या दारात ताजं कमळ. छाप कुणाकडं आहे, कळावं कसं? आत्याबाई उंबऱ्यातून ओरडल्या, "जिचं कमळ अर्धं असंल, तिच्याकडं!"

कांताबाई दारात बसल्या होत्या. चकती जमिनीवर, हातात रांगोळी, अर्धं कमळ झालेलं.

"कांताबाई, छाप द्या."

"थांब की, पुरं होऊ दे."

"मशीनचा आहे तो."

"सणाच्या दिवशी अर्धी रांगोळी सोडू?" मग त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि पुढं विचारलंच नाही. छाप झटकून हातात दिला. उरलेल्या पाकळ्या त्यांनी हातानं काढल्या. दोन वाकड्या आल्या. कांताबाई अजूनही त्यांचा हिशोब मला ऐकवतात.

छाप धुतला, तरी भोकांत रांगोळी राहिलीच. आत टोपडं, टोपड्याभोवती दुपटी, वर निळं कमळ दाबून बसवलं, झाकण लावलं, आणि मी डोळे मिटले. ड्रायर घुमला. थांबल्यावर पल्लवीनं टोपडं काढून गालाला लावलं, आणि या वेळी माझ्याकडं पाहिलं. उरलासुरला दमटपणा इस्त्रीनं गेला. बाळाला टोपडं बांधलं तेव्हा बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

विहीणबाई आल्या. चप्पल काढली, पाय धुतले. कुणाशी बोलायच्या आधी दुपट्यांच्या गठ्ठ्यात हात घातला, अगदी तळापर्यंत. मग बाळाच्या डोक्यावर हात ठेवला. टोपडं कोरडं, जर चकचकीत. बाळ शिंकलंही नाही.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. बस, एवढंच. ड्रायव्हर सामान न्यायला दारात आला, त्याला म्हणाल्या, "तू जेवून घे बापू. काही न्यायचं न्हाई."

पल्लवीची बॅग आत्याबाईंनी पायानंच पलंगाखाली ढकलली.

ओवाळणं झालं, पुरणपोळी झाली, खण-नारळानं ओटी भरली. निघताना विहीणबाई दारात थबकल्या. वाकून रांगोळी न्याहाळली.

"विहीणबाई, येतानाच पाहिलं मी. गल्लीभर हेच कमळ. छाप हाय ना? आज मी काही मागितलं न्हाई. तेवढा छाप द्या मला. आमच्या कळमनुरीत कुठंच भेटत न्हाई असा."

सणाच्या दिवशी, ओटी भरून निघालेली विहीण, तिला नाही म्हणायचं कसं? आणि हो म्हटलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा मोठी गाडी. शुक्रवारचा उपास, तोंडून खोटं निघायला नको, म्हणून मी गप्प राहिले. मागं मोरीत दुपट्यांचा दुसरा घाणा लावलेला होता.

आत्याबाई पुढं आल्या.

"त्यो देता येत न्हाई, विहीणबाई. दुसरं काहीबी मागा. त्यो देवाला वाहिलेला हाय."

"असं व्हय?" विहीणबाईंनी लगेच पदर डोक्यावर घेतला. "कोनत्या देवाला?"

त्याच क्षणी मागून ड्रायरनं वेग घेतला. भिंत थरथरली, जिवतीचा कागद हलला.

"घुमणाऱ्या," आत्याबाई म्हणाल्या.

विहीणबाईंनी आवाजाच्या दिशेनं हात जोडले. मग पर्स उघडून एक सुपारी काढली आणि उंबऱ्यावर ठेवली.